बावीस खणांची किंमत

घरविक्रीच्या साइटवर जाहिरात टाकायला बसलो, तर पहिलाच रकाना: किती बीएचके? दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. देवडी, ओसरी, माजघर, मागचा सोपा, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, वर माडी. यातली बेडरूम कुठली धरायची? आम्ही निजायचो ते जिथे वारा लागेल तिथे. शेवटी दादाने सात लिहून टाकलं. संडास-न्हाणी एकच, आणि तीही परसात, हे लिहायला जागाच नव्हती.

आमच्याकडे वाड्याचं माप खणांत सांगायचे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. आमचा वाडा २२ खणांचा, आणि आजोबा ते अशा सुरात सांगायचे की ऐकणाऱ्याने निमूट मान डोलवावी. साइटवर खणांचा रकाना नव्हता.

वाईला, कृष्णेच्या घाटापासून चालत चार मिनिटांवर असलेला हा वाडा आम्ही २०२५ च्या मार्चमध्ये विकला. किती आले, हे सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी बँकेच्या कर्ज विभागात ३६ वर्षं काढली. दुसऱ्यांच्या घरांचे मूल्यांकन अहवाल वाचायचे, त्यातली फुगवलेली वाक्यं शोधायची, शेजारी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढायचं, हे माझं काम. आणि स्वतःच्या घराची पाळी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून, त्यात मीही आले, किंमत ठेवली दीड कोटी.

आकडा मूळचा चुलतभावाचा. तो न्यू जर्सीत असतो. पुण्याच्या पेठांमधले वाडे केवढ्याला गेले याची त्याच्याकडे यादी होती. पेठेतल्या वाड्याची किंमत ही त्या जागेवर उद्या उभ्या राहणाऱ्या मजल्यांची असते, हे मला ठाऊक होतं. पण बोलले नाही. दीड कोटी ऐकायला बरं वाटत होतं.

शिवाय 'ऐतिहासिक' हा शब्द होता. चुलतभाऊ मागे आला होता तेव्हा त्याने पडलेल्या एका कौलाचा फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकला. कौलावर ठसठशीत १८६५. 'आपलं छप्पर १८६५ चं आहे!' तीन आत्येबहिणींनी हात जोडले. मला राहवलं नाही. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि पुढे कित्येक वर्षं कौलांवर ते स्थापनेचं साल छापत राहिले. बिस्किटाच्या पुड्यावरचं साल बघून कोणी बिस्कीट जुनं म्हणत नाही. ग्रुपवर तीन दिवस शांतता.

दुसरी दंतकथा म्हणजे हा वाडा नाना फडणवीसांच्या कारकुनाने बांधला. नानांचं मेणवली आमच्यापासून तीन किलोमीटरवर, त्यामुळे वाई परिसरातल्या दर दुसऱ्या जुन्या घराचा नानांशी काहीतरी धागा जोडलेला असतोच. मी ट्रंक उपसली. सगळ्यांत जुना कागद निघाला १८८९ चा, मोडीतला. एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतला, तर ते गहाणखत! पणजोबांच्या वडिलांनी हाच वाडा ४०० रुपयांना गहाण टाकला होता. मागे दुसऱ्या शाईत परतफेडीची नोंद. वाड्याची पहिली लेखी किंमत ही, आणि तीही कर्जापोटी. बँकेतल्या बाईच्या हाती असाच कागद लागायचा.

तळमजला त्याहून जुना असावा. विटा पातळ, पेशवाईच्या घाटाच्या. तुळयांवर वाकसाने तासल्याच्या खुणा, करवतीच्या नाहीत. माडी आणि छप्पर नंतरचं. पण 'असावा' याचे पैसे मिळत नाहीत. वाडा कुठल्याही सरकारी यादीत नव्हता. म्हणजे पाडायला आडकाठी नाही आणि दुरुस्तीला मदतही नाही.

तर, दीड कोटी. १४ महिने. आलं कोण? लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, मालिकेसाठी जागा हेरणारा एक मुलगा (त्याला फक्त चौक हवा होता, तोही चार दिवस), आणि पुण्याहून गाड्या घेऊन आलेली माणसं. ओसरीवर बसून 'काय गारवा आहे हो' म्हणत चहा प्यायची आणि पुन्हा फोन करायची नाहीत. एजंटने दोनदा सांगितलं, ताई, आकडा खाली आणा. आम्हाला वाटलं त्याला दलालीची घाई आहे.

या १४ महिन्यांत एक पावसाळा गेला. विकायचाच आहे म्हणून २०२३ ला आम्ही शाकारणी केली नाही. कौलं उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा बसवायला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर पैसे तोंडाला येतील ते मागतात. जुलैच्या एका रात्री उत्तरेचा पाखा, म्हणजे छपराची त्या बाजूची उतरण, खाली आला. वासे गेले, त्याखालच्या कडीपाटावर, म्हणजे लाकडी छतावर, वीतभर पांढऱ्या मातीचा थर होता, तो भिजून दुप्पट जड झाला आणि त्यासकट दोन खणांची पाटणी माजघरात. कोणी खाली नव्हतं हे नशीब. पत्रे टाकून तात्पुरतं झाकायलाच १ लाख १० हजार गेले. फ्लॅट रिकामा ठेवला तर धूळ साचते. वाडा रिकामा ठेवला की तो दर पावसाळ्यात स्वस्त होतो, आणि महाग किंमत लावून वाट बघत बसणं आपल्याला परवडतंय असं वाटत असतं तेव्हाच तो खालून कुजत असतो.

त्यानंतर मी लाल पेन काढलं.

आधी वाईतल्या एका म्हाताऱ्या सुतारांना घेऊन आले. त्यांनी हातोडी आणली नव्हती, फक्त एक लांब पेचकस. माझ्या मनात सगळी भीती माजघराच्या भिंतीतल्या भेगेची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हाची ती भेग. आई म्हणायची, भांडी फडताळातून आपणहून खाली उतरली. बघायला येणारा प्रत्येकजण त्या भेगेपाशी थांबायचा आणि त्याचा चेहरा बदलायचा. सुतार तिथे गेले, वाकले आणि हसले. भेगेवर आडवी एक काचेची पट्टी चिकटवलेली होती, धुळीने काळी पडलेली. मी लहानपणापासून ती बघत होते, कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं. आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. भूकंपानंतर त्यांनी ती लावली असणार. भिंत हलली तर काच तडकते. काच अखंड होती. ५६ वर्षांत भिंत केसभरही हलली नव्हती.

मग ते पश्चिमेच्या भिंतीकडे गेले, जिथे सगळं गुळगुळीत, रंगवलेलं, चांगलं दिसत होतं. तुळई भिंतीत शिरते तिथे त्यांनी पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा.

ती भिंत बाबांनी १९८६ मध्ये सिमेंटने गिलावा करून घेतली होती. ओल येते म्हणून. पण चुन्याच्या भिंतीला ओल येते तशी जाते, ती वाळते. सिमेंटने वरून तोंड बंद केलं की पाणी आत कोंडतं आणि त्यात खुपसलेलं लाकडाचं तोंड कुजायला लागतं. चौकातले खांब, ज्यांच्यावर थेट पाऊस यायचा, ते दगडी तळखड्यांवर उभे असल्याने खणखणीत. बाबांनी जपलेल्या बाजूच्या सात तुळयांची तोंडं गेलेली. बाबा असते तर मी त्यांना हे सांगितलं नसतं.

या पाहणीवरून मी दोषांची यादी केली. १९ कलमं, टाइप करून. सात तुळया, भेग (सोबत काचेचा उल्लेख), पत्र्याखालचा उत्तरेचा पाखा, कोठीच्या खोलीतली वाळवी, आडाच्या कठड्याची ढासळलेली बाजू, पूर्वेची शेजाऱ्यांबरोबरची सामाईक भिंत, वायरिंग. येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर हा कागद द्यायचा असं मी ठरवलं. दादा भडकला. "स्वतःच्या मुलीचं लग्न जमवताना कोणी असा कागद देतं का?" मी म्हटलं, दादा, मुलगी सासरी गेल्यावर ते पेचकस घेऊन येत नाहीत.

आता हिशेब. मिळकत पत्रिकेवर ३१६ चौरस मीटर, मोजणीत तेवढीच भरली. पण नगरपालिकेतून झोन दाखला आणला तर रस्तारुंदीची रेषा देवडीतून दीड मीटर आत गेलेली. दर्शनी बाजू १२ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर कागदावरच गेले. उरलेले साधारण ३,२०० चौरस फूट. आमच्याच गल्लीत दोन वर्षांपूर्वी एक मोकळी जागा २,८०० रुपये फुटाने गेली होती, खरेदीखताची नक्कल मी काढून आणली. (एजंटच्या तोंडच्या दरावर विसंबू नका, नोंदणी झालेला दस्त बघा.) झाले साधारण ९० लाख. वाड्याविना, सपाट जमिनीचे. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्याने, जमीन आणि बांधकाम मिळून ४४ लाखच येत होते, कारण त्यातला घसारा जिथे संपतो तिथे आमचा वाडा कधीच पोहोचला होता.

बिल्डर ६२ म्हणाला, रिकामा करून दिला तर. त्याच्या हिशेबात पाडायला आणि राडारोडा उचलायला ५ लाख, सामाईक भिंतीला टेकू द्यायचा खर्च वेगळा, मग परवानग्या, थांबून राहायचे महिने आणि नफा. जुन्या लाकडाचा एक व्यापारी स्वतंत्र आला. टॉर्च मारत फिरला, दिंडीदरवाज्याच्या पितळी फुल्या मोजल्या, आणि सगळं सागवान मिळून ९ लाख म्हणाला. म्हणजे पाडायच्या खर्चापेक्षा लाकूड चार लाखांनी जास्त. उभ्या वाड्याला कोणी काही द्यायला तयार नव्हतं, मोडलेल्या वाड्याला गिऱ्हाईक होतं.

जुन्या इमारती सांभाळणाऱ्या एका वास्तुविशारदाकडून दुरुस्तीचा अंदाज घेतला: राहण्याजोगा करायला २८ लाख. नव्वदातून अठ्ठावीस गेले, बासष्ट. बिल्डरही बासष्टच म्हणत होता. रात्री साडेअकराला वहीवर हे दोन आकडे शेजारी बघितले तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागली. किमतीची खालची पायरी सापडली होती. वरचा भाग असा, की ज्याला खरंच राहायचंय त्याला २८ लाखांत उभं घर मिळणार होतं. तेवढं नवीन बांधायला निदान दुप्पट लागले असते. त्या फरकातला थोडा वाटा आपण मागू शकतो. मागायची किंमत ७८.

न्यू जर्सीहून फोन आला. "अगं ताई, निम्म्यावर आणलीस!" मी त्याला काचेची पट्टी, पेचकस, सगळं सांगितलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, झोपाळा तरी विकू नकोस. तेवढं मान्य केलं.

निम्म्यावर आणूनही गिऱ्हाईक रांगेने आलं नाही, आणि याचं कारण मला इतरांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. बँक अशा घरावर कर्ज देत नाही. मूल्यांकनकार अहवालात इमारतीचं उर्वरित आयुष्य लिहितो. वीस वर्षांचं कर्ज आणि इमारतीचं आयुष्य पाच, की प्रकरण परत. मीच अशी किती परत केली असतील. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तेच, ज्याच्या हातात रोख शिल्लक आहे आणि शिवाय दुरुस्तीचे २८ लाख वेगळे आहेत. फ्लॅट घेणाऱ्या शंभरांतले असे किती? दोन. त्या दोघांनाही घाई नसते.

दरम्यान शिंपीकाका. देवडीतल्या गाळ्यात त्यांचं दुकान १९६२ पासून, त्यांच्या वडिलांच्या वेळचं. भाडं ३५ रुपये. भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ घेता येते, बाबांनी कधी मागितली नाही. दिवाळीला आमचे परकर मात्र शिलाई न घेता शिवून यायचे. वकील म्हणाले, यांना कोर्टातून काढायचं म्हटलं तर तुमचे नातू खरेदीखतावर सही करतील. काकांनी १० मागितले. मी त्यांच्या मशीनजवळच्या स्टुलावर तीन रविवार बसले. ६ लाखांवर ठरलं, ताबा सोडल्याचा करार नोंदवून घेतला. वाईट वाटलं का? हो. त्यांनाही वाटलं असावं, पण गावच्या चौकातल्या नव्या गाळ्याचं बोलणं ते आधीच करून आले होते.

सह्या ११. मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबांचंच नाव, म्हणजे आधी तीन पिढ्यांच्या वारसनोंदी. आजोबा गेले १९७४ ला, तेव्हा आत्यांचा हक्क होताच, फक्त कोणी विचारला नव्हता. कायद्याच्या काट्याने वाटे सारखे आले नसते. आम्ही चार शाखांचे चार सारखे धरले आणि मोठ्या आत्याने ते ऐकून "आता आठवण झाली होय" एवढंच म्हटलं. वय ८८. तिला दस्त नोंदणीच्या कचेरीत खुर्चीतून वर नेली. न्यू जर्सीचं कुलमुखत्यारपत्र तिकडे अपॉस्टिल होऊन, म्हणजे तिथल्या सरकारी शिक्क्याने प्रमाणित होऊन आलं, आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, ती तारीख मी फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. परदेशस्थाच्या वाट्यावर घेणाऱ्याला कर कापावा लागतो तो वेगळाच. हे आधी सांगितलं नाही तर ऐन खरेदीखताच्या दिवशी घेणाऱ्याचा सीए घोळ घालतो. करासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून ठेवली. जुलै २०२४ पासून नियम बदलले. इथे राहणाऱ्यांना, जुनी मिळकत असेल तर, साडेबारा टक्के साधे किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के, यातलं कमी भरायची मुभा आहे, चुलतभावाला नाही. त्यावरून पुन्हा एक फोन झाला. तो सोडून देते.

घेणारे डिसेंबरात आले. नवरा-बायको, पाचगणीच्या शाळेत दोघांनी जन्म काढलेला, आता निवृत्त. ते घर बघायला आले ते आपला सुतार घेऊन, आणि दोघं चौकात गप्प उभे राहिले. गारवा वगैरे काही बोलले नाहीत. मी यादी दिली. त्यांचा सुतार दोन तास फिरला. माझ्या १९ पैकी १७ त्याने स्वतः शोधली, विसावं काही निघालं नाही. त्या बाईंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "आम्ही ६८ म्हणणार होतो. या कागदाचे दोन वाढवू." ७१ वर इसार घेतला, कारण शेवटचा एक लाख दादाने चिकाटीने ओढला, त्याला कागदाचे दोन पुरेसे वाटेनात. साठेखतात झोपाळा विक्रीतून वगळल्याचं स्वतंत्र कलम आहे. वकिलांनी दोनदा विचारलं, खरंच लिहू?

७१. त्यातून शिंपीकाकांचे ६, दलाली दोन टक्के म्हणजे १ लाख ४२ हजार, मोजणी, नोटीस, वकील, मूल्यांकनकार मिळून ८५ हजार. उरले ६२ लाख ७३ हजार. चार शाखा, आमच्या शाखेत दोघं. माझ्या वाट्याला, कराआधी, ७ लाख ८४ हजार. हवा तर यात आमच्या दीड कोटीच्या हट्टापायी पत्र्यांवर गेलेले पैसे वजा करा. ते दादाने कधी मागितले नाहीत आणि मीही विषय काढलेला नाही.

झोपाळा कोथरूडला माझ्याकडे आहे, भिंतीला टेकवून उभा. फ्लॅटच्या छताला कड्या लावू देत नाहीत.

परवा, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, बाईंचा फोन आला. सात तुळयांची तोंडं कापून नवीन लाकडाचे जोड दिलेत, सिमेंट खरवडून चुना लावलाय, सगळं कोरडं आहे. फक्त माडीच्या जिन्यात, चौथ्या पायरीवर, थेंब थेंब पाणी पडतंय आणि सुताराला वर कुठेच काही सापडत नाही. तुमच्या कागदातही नाही.

मला लगेच आठवलं. तिथे पावसाळाभर तांब्याची एक घागर ठेवलेली असायची. कौलातून नाही, पन्हाळीचं पाणी वारा पश्चिमेचा असला की भिंतीतल्या कोनाड्यातून फिरून येतं. घागर भरत आली की आवाज बदलायचा आणि जो जवळ असेल तो ती ओतून यायचा. त्याला आम्ही कधी गळणं म्हणालोच नाही, म्हणून यादीत लिहायचं सुचलं नव्हतं.